खिलाडूवृत्तीचे कोष्टक

गोलकीपरच्या बाबांनी लाइनमनच्या हातातला झेंडा हिसकावून घेऊन स्वतःच ऑफसाइड दिला, त्यानंतर बरोबर आठव्या दिवशी क्लबला संघटनेचे पत्र आले. बारा वर्षांखालच्या फुटबॉलमध्ये असले प्रकार खपवून घेतले जाणार नाहीत, वर्तन सुधारले नाही तर क्लबला वगळण्यात येईल आणि हंगामाच्या शेवटच्या सामन्याला निरीक्षक येतील, असा त्याचा सूर होता.

क्लबचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. त्यामुळे क्लबच्या सभा त्यांच्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत, गाल धरून बसलेल्या पेशंटांच्या मधोमध होत. डॉक्टरांनी पत्राची पहिली ओळ मोठ्याने वाचली, उरलेले घडी घालून खिशात टाकले आणि म्हणाले, "थोडक्यात काय, मुलांना वळण लावलं पाहिजे."

"एकदम बरोबर!" गोलकीपरचे बाबा म्हणाले. त्यांचे टाइल्सचे दुकान होते आणि आवाज कायम गोदामाच्या दुसऱ्या टोकाला हाक मारल्यासारखा. "पोरांना हल्ली मान ठेवणं म्हणून ठाऊकच नाही."

"झेंडा पोरांनी नव्हता ओढला," कोच सर पुटपुटले.

"मी ओढला नाही. मागितला. त्याने घट्ट धरला होता."

एका पेशंटाला हसू आले आणि लगेच दाढेतून कळ आली.

डॉक्टरांनी तोडगा आणलाच होता. पुढच्या महिन्यात बाहेरगावी मोठी स्पर्धा होती. सोळा मुलांतून अकरा जणांना न्यायचे होते. निवडीचे निम्मे गुण खेळाला आणि निम्मे खिलाडूवृत्तीला द्यायचे!

"खिलाडूवृत्ती मोजायची कशी?" कोच सरांनी विचारले.

"या मॅडम आहेत की!" गोलकीपरच्या बाबांनी कोपऱ्यातल्या खुर्चीकडे बोट केले. "पाण्यातले न दिसणारे जंतू मोजतात त्या. ही तर डोळ्यांना दिसते."

कोपऱ्यात टाचणीची आई बसली होती. तिची लेक अंगाने बारीक, बोलायला टोकदार, म्हणून मैदानावर सगळे तिला टाचणीच म्हणत. आई पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत अठरा वर्षे काम करत होती आणि सभेत फक्त कोणी विचारले तरच बोलत असे. त्या क्षणी तिने "नाही" म्हणायला हवे होते. पण एखादी गोष्ट मोजता येत नाही असे कोणी म्हटले की तिचा हात आपोआप पट्टीकडे जाई. तिचे तेवढेच एक व्यसन होते.

रविवारी दुपारी तिने कोष्टक आखले. प्रतिस्पर्ध्याशी हात मिळवला तर दोन गुण. पडलेल्याला हात देऊन उठवले तर तीन. रेफरीचे आभार मानले तर एक, समोरच्याच्या चांगल्या खेळाला टाळ्या वाजवल्या तर दोन आणि आपली चूक आपणहून सांगितली तर पाच. कोणी दिलेला हात नाकारला तर वजा दोन, ओरडले तर वजा एक. कोष्टक इतके स्वच्छ होते की ती त्याच्याकडे दोनदा नुसती पाहत राहिली. डॉक्टरांनी त्याच्या प्रती काढून घरोघर वाटल्या.

पहिला आठवडा छान गेला. मुले एकमेकांना हात देत होती, टाळ्या वाजवत होती. मैदानाच्या कडेला टेबल मांडून बसलेली आई शांतपणे आकडे लिहीत होती.

दुसऱ्या आठवड्यात तिला काहीतरी खटकले. प्रत्येक शिट्टीनंतर अकराच्या अकरा मुले रेफरीकडे धावत. सामन्याच्या शेवटी रेफरीचे एकशे चार वेळा आभार मानून झाले होते आणि तो शिट्टी वाजवायला घाबरू लागला होता. एका उघड फाउलला त्याने चक्क आकाशाकडे पाहिले.

तिसऱ्या आठवड्यात गोलकीपरने समोरून येणारा चेंडू सोडून दिला, जाळ्यात गेलेल्या चेंडूकडे वळून पाहिले आणि टाळ्या वाजवल्या. "वा! काय मारलास!"

"लिहिलं का मॅडम?" त्याचे बाबा कडेवरून गरजले. "दोन गुण! टाळ्या!"

"अहो, गोल झाला आपल्यावर!" कोच सर केस उपटायच्या बेतात होते.

"गोल काय, परत मारता येतो. गुण गेला की गेला."

मग पालकांची अपिले सुरू झाली. कोणी म्हणे, माझ्या मुलीने हात दिला तेव्हा तुम्ही पाणी पीत होता. कोणी मोबाइलवर मुलाच्या सभ्यपणाचे व्हिडिओ काढून पाठवी, वेगवेगळ्या तीन कोनांतून. एका आजोबांनी नातवाला घरी पाडून उठवण्याचा सराव द्यायला सुरुवात केली आणि स्वतःची कंबर धरून बसले.

यात सगळ्यांत पुढे होता डॉक्टरांचा मुलगा. त्याला सगळे साहेब म्हणत. साहेबाने कोष्टकाचा नीट अभ्यास केला होता आणि त्याच्या लक्षात आले होते की उठवायचे तर आधी कोणीतरी पडलेले हवे. वाट कशाला पाहायची? सरावाच्या सामन्यात त्याने टाचणीच्या पायात पाय घातला. ती चिखलात पालथी पडली. साहेब अदबीने वाकला, हात पुढे केला आणि टेबलाकडे पाहून म्हणाला, "सॉरी. चूक माझीच होती."

हात दिल्याचे तीन, चूक सांगितल्याचे पाच. एका तंगडीत आठ गुण.

टाचणीने त्या हाताकडे पाहिले. मग ती आपली आपण उठली, तोंडावरचा चिखल बाहीने पुसला आणि म्हणाली, "तुझा हात तुझ्याकडेच ठेव."

सगळ्यांच्या नजरा टेबलाकडे वळल्या. आईने क्षणभर पेन धरून ठेवले. मग टाचणीच्या नावापुढे लिहिले, वजा दोन.

संध्याकाळी मोरीत दोघी बुटांचा चिखल काढत बसल्या होत्या. आईने हिशेब मांडून पाहिला होता. नुसत्या खेळावर टाचणी चौथी येत होती. खिलाडूवृत्ती धरली तर तेरावी. जाणार होते अकरा.

"एकदा त्याच्याशी हात मिळव," आई म्हणाली. "उद्या. सगळ्यांसमोर."

"कशाला?"

"दोन गुण मिळतात."

टाचणीने ब्रश थांबवला. "आई, पाणी घाण असलं तर तू स्वच्छ म्हणून लिहितेस का गं?"

"नाही."

"कोणी कितीही सांगितलं तरी?"

"नाही."

"मग मला का सांगतेस?"

आईने बूट पालथा करून नळाखाली धरला. "कोष्टक चुकलंय, ते मला कळतंय. पण आत्ता बदललं तर लोक म्हणतील, लेक मागे पडली म्हणून बदललं. आणि त्यांना तसं वाटलं तर त्यात त्यांची चूक नाही."

"मग नको बदलूस."

"तू जाणार नाहीस मग."

"नाही तर नाही," टाचणी म्हणाली. तिचा आवाज जरा ओला झाला होता, पण हनुवटी वरच होती. "रडेन मी, ते वेगळं. पण त्याचा हात नाही धरणार."

त्या रात्री आईने जेवणे आटोपल्यावर संघटनेचे पत्र डॉक्टरांकडून मागवून घेतले. प्रयोगशाळेतली तिची सवयच होती. आकडे वेड्यासारखे येऊ लागले की ती आकड्यांशी भांडत नसे. नमुना कुठल्या टाकीतून घेतला होता, ते आधी पाही. तिने पत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचले. तिसऱ्या ओळीत स्वच्छ लिहिले होते, 'प्रेक्षक व पालक यांच्या वर्तनाबाबत'. सबंध पत्रात मुलांच्या वागण्याविषयी अवाक्षर नव्हते.

महिनाभर ती भलत्याच टाकीचे पाणी तपासत होती.

शेवटच्या सामन्याच्या दिवशी मैदान भरून गेले होते. निळ्या कपड्यांतला पाहुणा संघ वॉर्मअप करत होता. संघटनेच्या निरीक्षक बाई मांडीवर फाइल घेऊन बाकाच्या टोकाला बसल्या होत्या. डॉक्टरांनी त्यांच्यासाठी खास उशी आणली होती. आई आली, तिने टेबल नेहमीच्या जागी मांडले, वही उघडली आणि खुर्ची उचलून उलट फिरवली. आता तिची पाठ मैदानाकडे होती आणि तोंड पालकांकडे.

"मॅडम," गोलकीपरचे बाबा म्हणाले, "मॅच तिकडे आहे."

"माहीत आहे."

"मग तुम्ही इकडे काय बघताय?"

"तुम्हाला."

डॉक्टर लगबगीने पुढे आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "अहो, निरीक्षक आल्यात. आज तरी गंमत नको. मुलांचे गुण कोण लिहिणार?"

"कोणी नाही. पत्र पालकांबद्दल आहे, डॉक्टर. तिसरी ओळ. कोष्टक तेच ठेवलंय, नमुना बदललाय." ती हे सगळे तिच्या नेहमीच्या आवाजात बोलली, म्हणजे शेजारच्याला जेमतेम ऐकू जावे इतक्या.

"मी अध्यक्ष या नात्याने तुम्हाला सांगतो, खुर्ची फिरवा."

"नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही फिरवणार. तुम्ही माझ्यावर ओरडलात तर लिहावं लागेल. अजून ओरडला नाहीत, म्हणून लिहिलेलं नाही."

डॉक्टरांनी बाकाच्या टोकाकडे पाहिले. निरीक्षक बाई चष्मा वर सरकवून लक्ष देऊन ऐकत होत्या. डॉक्टर हसले. पेशंटला 'अजिबात दुखणार नाही' म्हणताना ते असेच हसत. मग ते जाऊन बसले.

शिट्टी झाली. पहिली पाच मिनिटे पालकांची बाके परीक्षेच्या हॉलसारखी होती. गोलकीपरच्या बाबांनी ओरडायला तोंड उघडले, पेन हललेले पाहिले आणि तोंड तसेच जांभईत संपवले. एका आईने मुलाला "अरे, डावीकडे!" असे सांगायला हात वर केला आणि त्याच हाताने केस नीट केले. एरवी सामन्यात सगळ्यांत जास्त धावपळ कोच सरांची होत असे. ते हात पाठीमागे बांधून लग्नघरातल्या यजमानासारखे उभे होते.

मैदानावर मात्र निराळाच प्रकार चालला होता. आईला तो दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता. टेबलाशी आईची पाठ दिसल्यावर आपल्याला कोणी मोजत नाही, हे मुलांच्या ध्यानात आले. आधी थोडी कुजबुज झाली. मग महिन्याभरात पहिल्यांदाच मुले एकमेकांशी भांडली. "दे ना इकडे!" "तू कुठे होतास?" "माझा थ्रो आहे तो!" "तुझा नाही, निळ्यांचा आहे, गप्प बस!" चेंडूला लाथ बसल्याचा आवाज बदलला. आधी तो भिऊन मारल्यासारखा येत होता, आता घट्ट आणि खणखणीत येऊ लागला.

आई सामना चेहऱ्यांवर वाचत होती. सगळे चेहरे एकदम उजळले, तेव्हा आपल्या पिवळ्या कपड्यांतल्या मुलांचा गोल झाला होता. सगळे पडले, तेव्हा निळ्यांनी फेडला होता. एक-एक. तिने वळून पाहिले नाही. एकदाच मागून "टाचणी, पळ!" असे कोणीसे किंचाळले, तेव्हा तिची मान अर्धी फिरली होती. तिने ती परत आणली आणि वहीत स्वतःच्या नावापुढे वजा एक लिहिले. कोष्टकात अशी नोंदच नव्हती. तरी लिहिले.

शेवटची चार मिनिटे राहिली. चेहरे उजवीकडून डावीकडे सरकत गेले, म्हणजे टाचणी डाव्या कडेने चेंडू घेऊन निघाली होती. चेहरे ताणले गेले. धप्प आवाज झाला. शिट्टी वाजली.

"पेनल्टी!" गोलकीपरच्या बाबांनी दोन्ही हात तोंडावर दाबून धरले होते, तरी बोटांच्या फटींतून तेवढे निसटलेच. वजा एक.

डॉक्टर उभे राहिले होते. कोच सरांचे ओठ हलत होते. पेनल्टी म्हणजे गोल, गोल म्हणजे विजय, विजय म्हणजे निरीक्षक बाईंसमोर क्लबची मान ताठ. आईला सगळ्यांच्या तोंडांवर ते एकेक पायरी चढताना दिसत होते.

आणि त्या शांततेत पाठीमागून टाचणीचा आवाज आला, टोकदार, मैदानभर ऐकू जाईल असा.

"सर, त्याने नाही पाडलं. तो लांब होता. मीच पडले."

"नक्की?" रेफरीने विचारले.

"नक्की. माझ्याच पायात माझा पाय आला."

आईसमोर बाकांवर तेहतीस माणसे होती. तेहतीस तोंडे उघडली आणि एकातूनही आवाज निघाला नाही. कोच सर एक पाऊल पुढे आले. त्यांच्या मानेची शीर तट्ट फुगली. "काय गं, तुला..." त्यांची नजर पेनावर पडली. वाक्याला मध्येच नवा रस्ता शोधायची त्यांची धडपड पाहवत नव्हती. "...तुला... छान!" ते म्हणाले आणि खाली बसले. तिथे बाक नव्हते.

पेनल्टी रद्द झाली. तीनच मिनिटांनी निळ्यांनी कॉर्नरवरून गोल मारला आणि सामना दोन-एक असा जिंकला.

आईने वही मिटायच्या आत तिच्याभोवती गराडा पडला. हरल्याचे कोणी बोलेना.

"माझे किती झाले?" गोलकीपरच्या बाबांनी विचारले.

"वजा सात."

"सात? मी तोंड दाबून बसलो होतो! आणि डॉक्टरांचे?"

"वजा तीन."

"हे चालणार नाही! मी त्यांच्यापेक्षा जास्त शांत होतो!"

"तुम्ही शांत?" डॉक्टर उसळले. "बोटांतून पेनल्टी कोण ओरडलं?"

"ते ओरडणं नव्हतं, श्वास होता! मी तुमच्यापेक्षा दुप्पट शांत होतो, विचारा कोणालाही!" गोदामाच्या दुसऱ्या टोकालाच काय, पलीकडच्या रस्त्यावरही ते ऐकू गेले. दोन सायकलवाले थांबून पाहू लागले.

निरीक्षक बाई फाइल घेऊन टेबलाशी आल्या. "खुर्ची फिरवायची कल्पना तुमची?"

"हो."

"मला वरती कळवायचंय. काय लिहू?"

"मुलं पडली, उठली, भांडली, खरं बोलली आणि हरली, असं लिहा."

"आणि पालक?"

आईने मागे पाहिले. दोघे गृहस्थ आता एकमेकांच्या शर्टाच्या बटणांपर्यंत पोहोचले होते. "पालकांवर काम चालू आहे," ती म्हणाली. "एक हंगाम लागेल."

बाईंनी तेवढेच लिहून घेतले. "क्लब राहू दे म्हणते मी. खुर्ची मात्र अशीच ठेवा."

इतक्यात डॉक्टर बटणे लावत धावत आले. बाईंसमोर काहीतरी बरे दाखवणे भाग होते. "मॅडम, तुमच्या लेकीने आज केवढी खिलाडूवृत्ती दाखवली! आपली चूक आपणहून सांगितली. पाच गुण! लिहा, लिहा. वजा दोन आणि पाच, झाले अधिक तीन. शिवाय खेळ आहेच. येते ती अकरांत!"

आईने पेनाचे टोपण काढले. हिशेब बरोबर होता. नियमाप्रमाणे होता. यात लेकीसाठी काही बदलल्यासारखेही नव्हते. टोक कागदापासून बोटभर वर थांबले. अठरा वर्षांत कुठला आकडा लिहायला तिचा हात इतका आसुसला नव्हता.

"लिहायचे नाहीत," टाचणी म्हणाली. ती गुडघ्यापर्यंत चिखलात माखून टेबलाच्या पलीकडे उभी होती.

"अगं बाळ, तुझ्याच फायद्याचं आहे," डॉक्टर म्हणाले.

"पाच गुणांसाठी नव्हते बोलले मी. पडले म्हणून पडले म्हणाले. तुम्ही लिहिलंत ना, तर पुढच्या वेळी मी पेनल्टी घेणार. आणि गोल मारणार. आणि तुमचे आभार पण नाही मानणार."

आईने लेकीकडे पाहिले. मग टोपण परत लावले. ते बसल्याचा बारीकसा आवाज झाला.

"ही वही आता उपयोगाची नाही, डॉक्टर," ती म्हणाली. "नमुना दूषित झाला की आम्ही आकडा देत नाही. ओतून टाकतो."

"मग यादी कशी करायची?" डॉक्टर रडकुंडीला आले. "काहीतरी पद्धत नको का?"

"मी करतो," कोच सर म्हणाले. त्यांच्या पँटला मागे ओल्या मातीचा मोठा गोल उमटला होता. "वीस वर्षं करतोय. या महिन्यातच तुम्ही मला करू दिली नाही." त्यांनी खिशातून कागद न काढता, बोटांवर मोजत नावे घेतली. साहेब होता, कारण साहेब खरोखरच चांगला खेळत असे. पाचवे नाव टाचणीचे होते.

"टाचणी," सर म्हणाले, "तू पेनल्टी घालवलीस. मला तुझा भयंकर राग आलाय."

"मला पण तुमचा आलाय."

"माझा? का?"

"तुम्ही आधी शिवी देणार होतात, मग छान म्हणालात. खोटं बोललात."

सरांनी मान हलवली. "हो. खोटं होतं ते. पण डाव्या बाजूला तुझ्याशिवाय आहे कोण मला?"

"कोणी नाही."

"मग उद्या सहाला. उशीर केलास तर चार चकरा."

"तुम्ही उशीर केलात तर?"

"तर मी चार मारीन."

"बरं."

"बरं."

हात कोणीच कोणाला दिला नाही.